टीव्हीचा गेम हातात कसा आणावा? : नवशिक्यांसाठी एक पाठ

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर एक जुना टीव्ही गेम पडून असेल. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे हे डबे घरोघरी होते. कोणावर समुराई, कोणावर मीडिया, कोणावर मिताशी असे नाव असे. वर पिवळी किंवा काळी कॅसेट खोचायची, टीव्हीला वायर जोडायची आणि खेळायचे. आई-बाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. आज असा डबा भंगारात जातो. तोच डबा टीव्हीशिवाय, हातात धरून खेळता येईल असा करायचा, हा आजच्या पाठाचा विषय आहे. गेम हे निमित्त. शिकायची गोष्ट म्हणजे आधी मोजणे, मग जोडणे.

थोडा इतिहास

निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये 'फॅमिकॉम' हा घरगुती गेम आणला. आपल्याकडचे बहुतेक डबे त्याच्याच नकला होत. मूळ यंत्रात अनेक चिप होत्या. पुढच्या नकलांमध्ये त्या सर्वांचे काम एकाच चिपमध्ये आले. डबा उघडला की हिरव्या पट्टीवर एक काळा कडक थेंब दिसतो. त्याखाली ती चिप असते. पट्टी लहान आणि वीज कमी, म्हणून नवशिक्याने याच स्वस्त नकलेपासून सुरुवात करावी. अस्सल जुने यंत्र घरी असेल तर ते कापू नये, जपून ठेवावे.

घरगुती गेम हातात आणण्याचा उद्योग मोठ्या कंपन्यांनीही केला. १९९५ साली सेगा कंपनीने आपल्या घरगुती यंत्राला पडदा जोडून 'नोमॅड' काढला. त्याला ६ पेन्सिल सेल लागत आणि ते जेमतेम दोन-तीन तास पुरत. त्याआधी १९८९ साली आलेल्या निंटेंडोच्या 'गेम बॉय'चा पडदा साधा, रंग नसलेला आणि मागे दिवा नसलेला होता. तो मात्र ४ सेलवर कितीतरी जास्त वेळ चाले आणि तोच जगभर खपला. पुढे २००० साली अमेरिकेतील बेंजामिन हेकेनडॉर्न यांनी जुन्या अटारी २६०० चे हातात मावणारे यंत्र घरीच बनवले आणि हा छंद अनेकांना लागला. या साऱ्यांपुढे प्रश्न एकच होता : पडदा किती वीज खातो आणि ती आणायची कुठून?

साहित्य

चालू स्थितीतला जुना टीव्ही गेम (ए.व्ही. सॉकेट असलेला), गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा ४.३ इंची पडदा, चांगल्या प्रतीची पॉवर बँक, ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी लहान पट्टी, ५ व्होल्टवर चालणारी ॲम्प्लिफायरची पट्टी आणि लहान स्पीकर, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, स्क्रू ड्रायव्हर, वायर, पुठ्ठा आणि प्लास्टिकचा डबा.

कृती

१. आधी गेम टीव्हीला जोडून पूर्ण खेळून पाहा. बिघडलेला गेम दुरुस्त करणे आणि त्याचे रूप बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. नवशिक्याने ती एकत्र करू नयेत.

२. अडॅप्टर भिंतीतून काढा, मग डबा उघडा. कोणती वायर कुठे जाते याचे वहीत चित्र काढा. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक डब्यात रंग वेगळे असतात, म्हणून मल्टिमीटरने तपासा.

३. पट्टीवर तीन पायांचा '७८०५' शोधा. अडॅप्टरकडून आलेल्या ९ व्होल्टचे तो ५ व्होल्ट करतो. अक्षरे आपल्याकडे धरली की डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला शून्याचा आणि उजवा बाहेर जाणाऱ्या ५ व्होल्टचा. आता गणित करू. गेम ०.२ ॲम्पिअर घेत असेल, तर ५ × ०.२ = १ वॅट कामी येतो आणि (९ − ५) × ०.२ = ०.८ वॅट नुसता उष्णतेत जातो. म्हणून तो गरम लागतो! पॉवर बँक मुळातच ५ व्होल्ट देते, तेव्हा ७८०५ काढून त्याच्या उजव्या पायाच्या जागी ५ व्होल्ट आणि मधल्या पायाच्या जागी शून्य जोडता येते. जोडण्यापूर्वी धन-ऋण दोनदा तपासा. उलटे जोडले तर चिप जाते आणि ती दुरुस्त होत नाही.

४. एवढे झाले की थांबा. गेम पुन्हा टीव्हीवर लावून पाहा. पॉवर बँकेवर चालला, तरच पुढे जा.

५. पडद्यावर लिहिलेला विद्युतदाब वाचा. तो बहुधा १२ व्होल्ट असतो. ५ चे १२ करणाऱ्या पट्टीचा बारीक स्क्रू फिरवून, पडदा जोडण्याआधी, मीटरवर १२ आल्याची खात्री करा. मग गेमच्या चित्राची पिवळी वायर पडद्याला जोडा. पडदा आणि गेम यांचे शून्य एकच असले पाहिजे. पुन्हा चाचणी घ्या.

६. आवाजाची वायर ॲम्प्लिफायरमार्गे स्पीकरला न्या. पुन्हा चाचणी.

७. कंट्रोलरचा बाहेरचा भाग काढा, पण आतली पट्टी अखंड ठेवा. आठ बटणांची खबर पाच तारांतून जाते : ५ व्होल्ट, शून्य आणि तीन संदेशाच्या तारा. लांब वायर कापून आखूड करताना कोणती तार कोणाला हे वहीत लिहून ठेवा.

८. शेवटी डबा. आधी पुठ्ठ्याचा करून हातात धरा. अंगठे बटणांपर्यंत पोचतात का? कॅसेट मागून घालता-काढता येते का? मगच प्लास्टिक कापा. मुख्य पट्टी मात्र कापून लहान करू नका. ते काम सरावलेल्या हातांचे आहे.

किती वेळ चालेल?

समजा, मीटरने पडदा १२ व्होल्टवर ०.२ ॲम्पिअर घेतो असे दाखवले, म्हणजे २.४ वॅट. ५ चे १२ करताना थोडी वीज वाया जाते. पट्टीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सुमारे २.८ वॅट लागतील. गेमचा १ वॅट मिळवून ३.८ वॅट. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३.७ × १० = ३७ वॅट-तास असतात. त्यातील सुमारे ३१ हाती लागले, तर ३१ ÷ ३.८ = ८ तास. आवाजामुळे यात थोडी घट होईल. आता पाहा, एकूण विजेपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज एकटा पडदा खातो. नोमॅडचे सेल इतक्या लवकर का संपत, ते वहीच्या अर्ध्या पानात कळले!

पालकांसाठी

सोल्डरिंगच्या वेळी मोठे माणूस शेजारी असावे. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते. मोबाइलची सुटी बॅटरी किंवा सुटे लिथियम सेल मुलांच्या हाती देऊ नयेत. असा सेल थेट सोल्डर केला किंवा त्याची दोन टोके एकमेकांना लागली तर पेट घेऊ शकतो. पॉवर बँकेत संरक्षणाची व्यवस्था आधीच असते, म्हणूनच येथे ती सुचवली आहे. ती उघडू नये आणि फुगलेली वापरू नये. जुना काचेच्या नळीचा टीव्ही मुलांना मुळीच उघडू देऊ नये. तो बंद असला तरी आत घातक विद्युतदाब राहू शकतो. उरलेले भाग घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवेत.

एवढी काळजी घेतल्यावर मात्र मुलांना 'उघडू नकोस, बिघडेल' असे म्हणू नये, ही विनंती. जी वस्तू भंगारात जायचीच आहे, तिच्यात बिघडण्यासारखे फारसे उरलेले नसते. शिकण्यासारखे मात्र पुष्कळ असते.

आपल्या गावाचा वारसा

हे सारे बडोद्याला नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन सुरू केले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे आद्य प्रमुख. यंत्रविद्या, रंगकाम, सुतारकाम हे विषय तेथे देशी भाषेतून आणि प्रत्यक्ष हाताने काम करून शिकवले जात. दादासाहेब फाळके या कलाभवनातच शिकले आणि १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. आज त्या कलाभवनाच्या जागी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा आहे. पुस्तकातला ओहमचा नियम आणि हातातला मल्टिमीटर यांची गाठ घालून देणे हे त्या परंपरेचेच काम आहे. विश्वस्त मंडळाने प्रयोगशाळेत एक टेबल, चार मल्टिमीटर आणि दोन सोल्डरिंग आयर्न एवढी सोय केली आणि महिन्यातून एक शनिवार दिला, तर माळ्यावरचे डबे मुले स्वतःच घेऊन येतील.

स्वाध्याय

१. पडदा ०.२ ऐवजी ०.३ ॲम्पिअर घेत असेल, तर वरील पॉवर बँक किती तास पुरेल?
२. ७८०५ ला ९ ऐवजी १२ व्होल्ट दिले, तर किती वॅट उष्णतेत जातील?
३. वरच्या कृतीत चाचणी किती वेळा आली ते मोजा. सर्व जोडण्या करून एकदाच चाचणी घेतली आणि गेम चालला नाही, तर चूक शोधायला काय काय तपासावे लागेल, याची यादी करा.