पिकअपचं नाक खालीच राहू दे

टाळगाव चिखली

चि. दादू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. मोठे टायर, पुढून दोन इंच उचललेली गाडी. रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण तुझी पिकअप दारात उभी करायला घेतलेली नाही. तळवड्यातून क्रेट भरून चाकणला रोज दोन खेपा मारायच्या आहेत, हप्ते फेडायचे आहेत. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितोय.

रिकामी पिकअप पुढून झुकलेली दिसते, ती कंपनीची चूक नव्हे. मागचे पाटे मालाच्या हिशोबानं ताठ आणि उंच ठेवलेले असतात. हौद्यात टनभर माल पडला की मागची बाजू बसते आणि गाडी सरळ होते. रिकामी असतानाच तू ती सरळ केलीस, तर भरल्यावर नाक वर जाणार आणि दिवेही वर बघणार.

माझ्या पहिल्या गाडीला मीच पुढे पॅकिंग टाकलं होतं. कार्तिकातली रात्र, देहू-आळंदी रस्ता, मागे कास्टिंग भरलेलं. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत माझा उजेड थेट गेला आणि तो रस्ता सोडून कडेला उतरला. त्याच कडेनं आळंदीला निघालेली पाच-सहा माणसं चालत होती. त्याची मोटारसायकल त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. एका म्हातारीच्या हातातली पिशवी पडली, चुरमुरे मातीत सांडले. मी खाली उतरून तिच्याबरोबर ते वेचले. ती मला एक शब्द बोलली नाही. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पॅकिंग काढलं.

आता टायर. २१५/७५ आर १५ टायरची उंची साधारण ७०४ मिलिमीटर. तुला आवडलेला ३१ इंची म्हणजे ७८७. चाक जवळजवळ १२ टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ६७ नं पळत असेल. एवढं चाक ओढायला क्लच जास्त झिजणार, थांबवायला ब्रेक मात्र जुनेच. टायरच्या अंगावर मापाशेजारी भाराचा आकडा असतो, तोही वाच. १०० लिहिलं असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो. गाडीला मूळ जो आकडा आहे, त्याखाली कधी उतरू नकोस, नक्षी कितीही देखणी असो.

कायद्याचंही ऐक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार चालत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. दंड एकेका बदलामागे ५,००० रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पासिंगला गाडी अडली तर खेपा बुडतील त्या वेगळ्याच.

जमवलेले पैसे शॉकअप, अलाइनमेंट आणि मूळ मापाच्या दणकट टायरांवर घाल.

रविवारी ये. गाडी रिकामी आणू नकोस, नेहमीचा माल भरून आण. दुकानासमोरच्या सपाट जागेवर उभी करू, चारही चाकांवर टेप लावून मापं घेऊ आणि भिंतीवर दिव्यांचा उजेड कुठे पडतो ते तू स्वतः बघ.

तुझा,
मामा