फवारणीचे ड्रोन आणि उंचीचे मापन

पिकावर औषध फवारणारे ड्रोन आता गावोगाव दिसू लागले आहेत. त्यांपैकी पुष्कळसे काम संपताच आपले आपण जमिनीवर उतरतात. अशा वेळी जमीन किती खाली आहे हे यंत्रास अचूक कळणे अत्यावश्यक असते. जमीन दोन मीटर खाली असता ती लागली असे समजून यंत्राने पंखे थांबविले, तर औषधाने भरलेल्या टाकीसह ते कोसळते. उलट, जमीन अजून दूर आहे असे समजून ते वेगाने उतरले, तर त्याचे पाय मोडतात. यास्तव ड्रोन घेताना किंवा भाड्याने आणताना त्यावरील उंचीमापक कोणता, याची चौकशी अवश्य करावी.

वायुभारमापक : उंच जावे तसा हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे साडेआठ मीटर चढल्यास तो एक मिलिबारने घटतो. हे साधन स्वस्त व हलके असते. परंतु ऊन, वारा व पंख्यांचा झोत यांमुळे दाब बदलतो आणि आकडा सरकतो. शिवाय ते निघालेल्या जागेपासूनची उंची सांगते. खालच्या जमिनीपासूनची नव्हे. म्हणून केवळ त्यावर विसंबून उतरणे धोक्याचे होय.

उपग्रह-मापन : उपग्रहांच्या संदेशांवरून ठिकाण कळते, पण साध्या यंत्रात उंचीची चूक काही मीटरपर्यंत जाऊ शकते. जमिनीवरील स्थिर केंद्राची जोड दिल्यास ती काही सेंटिमीटरवर येते. तरीही खाली बांध आहे की खड्डा, हे उपग्रह सांगत नाहीत.

श्रवणातीत ध्वनी : यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजतात. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. प्रतिध्वनी शंभरांश सेकंदात आला तर अंतर १.७ मीटर समजावे. हा मापक काही मीटरांपर्यंतच उपयोगी पडतो. मऊ, दाट पानांत ध्वनी शोषला जातो व पंख्यांच्या आवाजानेही गोंधळ होतो.

लेसर : प्रकाशाची बारीक शलाका सोडून अंतर मोजणारा हा मापक अतिशय अचूक असतो. तथापि धूळ, औषधाचे तुषार व प्रखर ऊन यांनी त्यात व्यत्यय येतो. भातखाचरातील संथ पाण्यावरही तो फसण्याचा संभव असतो.

रडार : रडारच्या लहरी धूळ व तुषार यांतून पुष्कळ अंशी पार जातात. फवारणीच्या ड्रोनवर हा मापक विशेष प्रचारात आहे, त्याचे कारण हेच. मात्र दाट उसावर तो शेंड्यांपासूनचे अंतर दाखवितो. ऊस संपून बांध येताच आकडा एकाएकी दोन-तीन मीटरने बदलतो.

निवड कशी करावी : एकच साधन सर्व ठिकाणी पुरे पडत नाही. वरच्या उंचीस वायुभारमापक व उपग्रह, आणि जमिनीजवळ रडार किंवा लेसर, अशी जोड असलेले यंत्र निवडावे. दोन मापकांच्या आकड्यांत फार तफावत पडल्यास यंत्र उतरणे थांबवून चालकास सूचना देते किंवा कसे, हे विक्रेत्यास विचारावे.

साधी परीक्षा : टाकीत औषधाऐवजी स्वच्छ पाणी भरून ड्रोन सपाट खळ्यावरून चालकाकरवी उडवावा व काही मिनिटांनी त्याच जागी उतरवावा. वायुभारमापकाचा आकडा शून्यावर न आल्यास जेवढा फरक दिसेल, तेवढा तो तितक्या वेळात सरकला असे समजावे. परीक्षेच्या वेळी माणसे व जनावरे दूर ठेवावीत.

उतरण्याची जागा पिकापासून दूर, सपाट व टणक असावी. धूळ असल्यास ताडपत्री अंथरून तिच्या कडा घट्ट दाबाव्यात. मापकांच्या काचा रोज मऊ फडक्याने पुसाव्यात, कारण औषधाचा थर बसला की चांगला मापकही खोटे सांगू लागतो. ग्रामसेवकांनी ड्रोन नियम २०२१ व कीटकनाशक फवारणीची डिसेंबर २०२१ मधील कार्यपद्धती शेतकरी बंधूंना समजावून द्यावी. यंत्र आपले आपण उतरणारे असले, तरी प्रशिक्षित चालकाने त्यावर अखेरपर्यंत लक्ष ठेवलेच पाहिजे.