चौथा दिवस

पर्वतावर प्रभूचे रूपांतर झालेले पाहून पेत्राला तेथेच तीन मंडप उभारावेसे वाटले (मार्क ९:५). परंतु प्रभूने त्याला खाली आणले. पायथ्याशी एक पछाडलेला मुलगा आणि त्याचा व्याकूळ पिता वाट पाहत होते.

प्रिय वाचक, आध्यात्मिक साधनेचे दोन-तीन दिवस संपवून घरी परतताना आपली अवस्था पेत्रासारखीच होते. रविवारी सायंकाळी डोळे ओले असतात. सोमवारी सकाळी तेच काम, तीच ओढाताण आणि घरात तोच न मिटलेला अबोला. काही आठवड्यांतच शंका येते : ते सारे खरे होते, की केवळ क्षणिक भावनावेग?

या शंकेवर सखोल विचार झाला तो स्पेनमधील मायोर्का बेटावर. १९४० च्या दशकात तेथील कॅथलिक तरुण संत याकोबाच्या सान्तियागो या तीर्थक्षेत्राच्या यात्रेची तयारी करीत होते. त्या तयारीच्या वर्गांतून 'कुर्सिल्यो' ही साधना आकारास आली. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'छोटा अभ्यासक्रम'. तिचे प्रवर्तक एदुआर्दो बोनिन (१९१७-२००८) हे धर्मगुरू नव्हते. ते प्रापंचिक होते. पुढे ही साधना अनेक देशांत पसरली आणि १९६३ मध्ये पोप सहावे पॉल यांनी संत पौल यांना तिचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

कुर्सिल्यो गुरुवारी सायंकाळी सुरू होतो व रविवारी संपतो. प्रथम स्वतःची, मग ख्रिस्ताची आणि मग इतरांची भेट, असा या दिवसांचा क्रम असतो. पंधरा व्याख्यानांपैकी दहा प्रापंचिकच देतात. परंतु या साधनेचे खरे मर्म पुढेच आहे. रविवारनंतरच्या संपूर्ण आयुष्याला तेथे 'चौथा दिवस' म्हणतात. तीन दिवस हे केवळ प्रवेशद्वार होय. साधकाला राहावयाचे असते ते चौथ्या दिवसात.

तो एकट्याने निभावत नाही. म्हणून चार-पाच मित्रांचा एक गट सहसा दर आठवड्याला भेटतो. भक्ती, अभ्यास आणि कृती या तीन बाबतींत आठवडा कसा गेला, हे प्रत्येकजण सांगतो. ख्रिस्त सर्वांत निकट कधी जाणवला, कोठे यश आले, कोठे आपण कमी पडलो, हेही सांगतो. असे अनेक गट एकत्र येतात त्या मेळाव्यास 'उल्त्रेया' म्हणतात. सान्तियागोच्या यात्रेकरूंची ही जुनी हाक. तिचा अर्थ 'पुढे चला'.

भाताची लावणी आपण पाहिली असेल. रोपवाटिकेत रोपे दाट, हिरवीगार वाढतात. पण तेथेच ठेवली तर पीक येत नाही. ती उपटून चिखलात लावावीच लागतात. शेतकरी मात्र एकेकटे रोप क्वचितच लावतो. एका चुडात दोन-तीन रोपे एकत्र रोवतो. साधनागृह ही रोपवाटिका आहे, आपला संसार हे शेत आहे आणि गट हा आपला चूड आहे.

येथे एक सावधगिरी हवी. गटात आपले अपयश उघड करणे कठीण असते, म्हणून हळूहळू केवळ यशच सांगितले जाते. मग भेटीचे रूपांतर गप्पांत होते. कधी गट इतका आत्मसंतुष्ट बनतो की साधनेला न गेलेल्या शेजाऱ्याला तो कमी लेखू लागतो. गटात ऐकलेले बाहेर न नेणे, आणि गटातून धर्मग्रामाच्या सेवेत उतरणे, या दोन गोष्टींनीच तो जिवंत राहतो. घरातील अबोला मात्र गट मिटवू शकत नाही. पहिला शब्द आपल्यालाच उच्चारावा लागतो. तो उच्चारला का, हे आठवड्याने प्रेमाने विचारणारे कोणी असणे, हेच गटाचे देणे.

अम्माऊसच्या वाटेवरील दोघांनी प्रभूला ओळखताच ते त्याच घटकेस उठून यरुशलेमेस, आपल्या बांधवांकडे परतले (लूक २४:३३). अनुभव खरा असल्याची हीच खूण नव्हे काय?

मननासाठी :

१. मागील साधनेत केलेला कोणता निश्चय अपुरा राहिला आहे?

२. माझे अपयश मी निःसंकोच सांगू शकेन अशी दोन माणसे कोणती? त्यांना या आठवड्यात भेटाल काय?

३. माझ्या 'पायथ्याशी' कोण वाट पाहत आहे?