मीटरचा आकडा आणि ओढ्याचे पाणी



औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला असलेल्या पाड्यांवर गेले की बाया टीडीएस मीटर दाखवून विचारतात, "ताई, तीनशे आलंय. म्हणजे पाणी चांगलंच ना?"

हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार चालतात. शिशाची मर्यादा मात्र ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढेसे शिसे मीटरला कळत नाही. पाणी उकळूनही ते जात नाही.

मग मीटर कशाला? तुलनेसाठी. कारखान्यांकडचा नाला ओढ्याला मिळतो त्याच्या वर आणि खाली, लागोपाठ मोजा. भांडे दर वेळी तिथल्याच पाण्याने तीनदा विसळा. पीएचची पट्टीही बुडवा, ६.५ ते ८.५ ठीक. तारीख, वेळ, जागा वहीत लिहा. रात्री सोडलेले पाणी दुपारपर्यंत वाहून जाते, म्हणून पहाटेही मोजा. वर १८० आणि खाली ९०० आले तर नाल्यातून काहीतरी येते आहे, एवढे नक्की. काय येते, ते प्रयोगशाळाच सांगेल.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवतात, पण त्यात शिसे-क्रोमियम बहुधा नसते. म्हणून जिल्हा प्रयोगशाळेच्या अर्जात धातूंची नावे घालून मागणी करा. नुसते 'पाणी तपासावे' लिहिले तर नेहमीच्याच चाचण्या होतात.

अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी नाल्याच्या वरून आणावे, पायपीट वाढली तरी.