किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य आणि भरवशाचा प्रौढ

किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा बहुधा परीक्षेचा ताण व मोबाइल यांभोवती फिरते. प्रौढांशी असलेले त्यांचे नाते दुर्लक्षित राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतील कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य व कौटुंबिक कलहात वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे सक्षम प्रौढ झाली. त्यांना किमान एका प्रौढाचा भक्कम आधार लाभला होता. तो आई-वडिलांचाच होता असे नव्हे. आजी, शेजारी वा शिक्षक यांचाही होता.

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नेमकी हीच फळी विरळ होते. 'किऑनिक्स' या राज्य महामंडळाने 1970 च्या दशकाअखेरीस होसूर रस्त्यालगत 332 एकरांवर ही वसाहत उभारण्यास आरंभ केला. देशभरातून अभियंते आले. आजी-आजोबा, काका, मावशी बहुधा गावीच राहिले. परदेशी ग्राहकांच्या घड्याळानुसार राबणाऱ्या पालकांचा मुलांशी संवाद गुणांपुरता उरण्याची भीती असते. घरात पैसा असल्याने ही उणीव चटकन जाणवतही नाही.

याच होसूर रस्त्यावरील निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) 13 ते 17 वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण 7.3 टक्के आढळले, महानगरांत 13.5, तर ग्रामीण भागात 6.9 टक्के. सर्वेक्षणाच्या 12 राज्यांत कर्नाटक वा महाराष्ट्र नव्हते, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे. शिवाय या तफावतीचे कारण नातेसंबंधच, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

शासकीय धोरणाने प्रथम समवयस्कांवर भर दिला. 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वयोगटासाठी समवयस्क शिक्षकांची योजना आहे. प्रौढाची जागा 2020 मध्ये 'आयुष्मान भारत'अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रमाने ओळखली : प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करावयाचे. मात्र आरंभ शासकीय व अनुदानित शाळांपासून झाला. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांची मुले बहुतांशी खासगी शाळांत शिकतात.

10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली 'टेली-मानस' सेवा (दूरध्वनी 14416) सर्वांना खुली आहे. तिची मध्यवर्ती संस्था निम्हान्स असून तंत्रज्ञानाचे साहाय्य इलेक्ट्रॉनिक सिटीतीलच आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने दिले. समुपदेशक धीर देईल, उपचारांची वाट दाखवील. परंतु मुलाची झोप उडाली आहे, जेवण कमी झाले आहे, मित्र तुटले आहेत, हे त्याला दूरध्वनी येईपर्यंत कळणार नाही. ते रोज पाहणाऱ्याच्याच नजरेस पडते, आणि त्या वेळी लगेच उपदेश वा तुलना सुरू झाली की मूल पुन्हा बोलत नाही.