मोरीचं पाणी केळीपर्यंत

धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही आणि जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. अशा मुलखात मोरीचं पाणी गटारीत सोडणं मला पटत नाही. मोरीचं पाणी खडी आणि मुळांतून गाळणाऱ्या परसातल्या बोरूच्या वाफ्याने जे शिकवलं, ते सांगतो.

१. आधी हिशेब करा. जलजीवन मिशनने गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं; पाच माणसांचं २२० लिटर. संडासाचं पाणी वेगळंच ठेवायचं. ते वजा करूनही परसातल्या पाच-सहा केळींची तहान भागते.

२. आपली जमीन ओळखा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून डास हटवले, ते कौतुकाचंच. पण तापीकाठच्या खोल काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. ती भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून इथे शोषखड्ड्याऐवजी बोरूचा वाफा: खाली शेततळ्याचा जाड कागद, त्यावर दोन फूट धुतलेली खडी, माणशी साधारण एक चौरस मीटर जागा. पाण्याची पातळी खडीच्या चार बोटं खालीच हवी. उघडं पाणी दिसलं की डास आलेच.

३. झाडं एकटी पाणी साफ करत नाहीत. खरं काम खडीवर वाढणारे जीवाणू करतात. बोरू, पाणकणीस, कर्दळ यांची मुळं त्यांना आधार आणि थोडा प्राणवायू देतात. जर्मनीत केटे झायडल यांनी १९५०च्या दशकात पाणवनस्पतींनी पाणी साफ करण्याचे प्रयोग सुरू केले. वाफ्यातल्या झाडांचा वाळलेला पाला वेळच्या वेळी कापून काढावा.

४. स्वयंपाकघरातच राखण हवी. शेवभाजीच्या तर्रीचं तेल खडीत शिरलं की वाफा तुंबतो. भांडी आधी पुसून घ्यावीत, मोरीला जाळी लावावी आणि वाफ्याआधी गाळ बसायला छोटी टाकी ठेवावी. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

५. वाफ्यातून गाळून आलेलं पाणी केळी, शेवगा, लिंबाच्या बुंध्याशी द्या. कोथिंबीर-मेथीवर नको. ठिबकमध्येही नको, ड्रिपर बुजतात. साबणातल्या सोडियमने काळी माती घट्ट होते, तेव्हा धुण्याची पावडर बेताने वापरा आणि झाडांच्या जागा आलटून पालटून भिजवा.

खोदाई उन्हाळ्यात उरका आणि मृगाचा पाऊस पडला की बोरूचे गड्डे लावा.