नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

शिरोली एमआयडीसीत माझ्या भागीदाराची फौंड्री, माझं मशिन शॉप. ग्राहकाला तयार पार्ट एकाच बिलात द्यायचा म्हणून आम्ही फर्म काढली. भागीदारीपत्र नोटरी झालं. नोंदणीचं काम त्यांनी अंगावर घेतलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "झालंय म्हणून समजा."

पुढे जॉब कमी येऊ लागले. मंदी आहे, असं ते सांगत. मग ग्राहकाच्या परचेसकडून ड्रॉइंगची नवी रिव्हिजन चुकून मला मेलवर आली. सोबतच्या पीओवर सप्लायर म्हणून त्यांच्या मेहुण्याची फर्म. पार्ट तोच, पॅटर्नही तोच, आमच्या फर्मच्या पैशातून बनलेला. जाब विचारला तर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "धंद्यात चालतंय एवढं. जावा की कोर्टात."

हा जोर कशाचा, ते वकिलांकडे कळलं. फर्म नोंदलेलीच नव्हती. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ सांगतं, की अशा फर्मच्या भागीदाराला करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. उरतो फर्म विसर्जित करून हिशेब मागण्याचा मार्ग. महाराष्ट्राच्या १९८४ च्या दुरुस्तीने तोही जवळजवळ बंद केला होता; सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती तरतूद रद्द केली, म्हणून माझा दावा उभा तरी आहे. बँकेचं सीसी कर्ज मात्र कलम २५ प्रमाणे माझ्या एकट्याकडूनही पूर्ण वसूल होऊ शकतं. धंदा त्यांनी नेला, कर्ज दोघांचं!

नोंदणीच्या अर्जावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात. बिनसल्यावर समोरचा सही देत नाही. मला दिली नाही. म्हणून रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचा उतारा स्वतःच्या हातात आल्याशिवाय पहिलं बिल काढू नका. पॅटर्न, फिक्स्चर, ड्रॉइंग कोणाच्या मालकीचे, त्याची यादी करारात जोडा. नातेवाइकाच्या नावाने तोच धंदा करायचा नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. भागीदाराने स्वतः स्पर्धेतून मिळवलेला नफा कलम १६ प्रमाणे फर्मचा असतो. पण मेहुणा पुढे केला की त्यामागे कोण आहे, ते सिद्ध करताना जीव जातो. चेकवर दोघांच्या सह्या ठेवा. बाहेर पडताना जाहीर नोटीस द्या, नाहीतर नंतरची देणीही गळ्यात पडतात. वकील आपला वेगळा असावा. हिशेब दरमहा बघा, सगळं लेखी ठेवा.

आणि कागद मागितला म्हणून ज्याला राग येतो, त्याच्याबरोबर फर्म काढू नका.